साखर नाई, मंग गोड काऊन लागते?

मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास मंगरूळपीरच्या बसस्थानकावर उभं राहिलं की तापल्या डांबराचा वास नाकात बसतो. दादा हयात कलंदरांच्या दर्ग्यावरून परतणारे, बिरबलनाथ महाराजांच्या दर्शनाला आलेले, कारंज्याची गाडी चुकलेले, वाशीमला कामासाठी निघालेले, सगळे जण मिळेल ती सावली धरून बसलेले असतात. अशाच एका दुपारी पानठेल्यावर एक पोरगा आपल्या मावशीच्या हातात काळ्या पेयाची छोटी बाटली देत होता. "घे मावशी, याच्यात साखर नाई. हे पेलं त वजन नाई वाढत." मावशींनी एक घोट घेतला, बाटली डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि विचारलं, "साखर नाई, मंग गोड काऊन लागते?"

पोराला उत्तर देता आलं नाही. गाडी लागली आणि दोघंही गेले. पण प्रश्न इतका नेमका होता की तो माझ्यासोबत घरी आला. बिनसाखरेच्या थंड पेयानं वजन उतरतं का, हे विचारण्याआधी ते पेय मुळात कशासाठी जन्माला आलं हे पाहायला हवं. त्याची कुळकथा कळली की मावशींचं उत्तरही मिळतं आणि पोराच्या दाव्यात किती तथ्य आहे तेही कळतं.

या कुळाचा मूळपुरुष म्हणजे सॅकरीन. नाव परदेशी वाटतं, पण त्याचं मूळ आपल्याच अंगणात आहे. संस्कृतात 'शर्करा' म्हणजे रेव, बारीक खडे. उसाचा रस आटवून जे खडे मिळाले त्यांनाही तोच शब्द लागला. प्राकृतातून तो 'सक्करा' होऊन मराठीत 'साखर' झाला. तोच शब्द पश्चिमेकडे निघाला आणि ग्रीकात 'साखारोन', लॅटिनमध्ये 'साखारम' झाला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत एक नवा गोड पदार्थ सापडला तेव्हा त्याचं नाव या लॅटिन शब्दावरून पडलं. म्हणजे साखर आणि सॅकरीन शब्दानं सख्ख्या बहिणी, पदार्थ म्हणून मात्र त्यांचं काही नातं नाही. एक उसातून आली, दुसरी डांबरातून.

डांबरातून हे शब्दशः खरं आहे. १८७९ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात इरा रेमसन यांच्या प्रयोगशाळेत कोन्स्टांटिन फालबर्ग हे रसायनशास्त्रज्ञ दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यांवर काम करत होते. रशियात जन्मलेले फालबर्ग बाल्टिमोरला आले होते ते आयात साखरेची शुद्धता तपासायला. एका संध्याकाळी ते जेवायला बसले आणि पाव गोड लागला. मग हात गोड, रुमाल गोड, पाण्याच्या पेल्याची कड गोड. त्यांनी हात धुतले नव्हते. प्रयोगशाळेत परत जाऊन त्यांनी टेबलावरच्या प्रत्येक भांड्यातली चव घेतली आणि गोडी कुठून आली ते शोधलं. ही हकीकत त्यांनी स्वतःच नंतर सांगितली. साखर पारखायला आलेल्या माणसाच्या बोटांना साखरेचा प्रतिस्पर्धी लागला होता. पुढे फालबर्ग यांनी पेटंट घेतलं आणि जर्मनीत कारखाना काढला. रेमसन यांचं नाव मात्र त्यातून वगळलं, आणि रेमसन ते कधी विसरले नाहीत.

सॅकरीन साखरेच्या सुमारे तीनशे पट गोड. शरीर ते जाळत नाही. बहुतेक सगळं जसंच्या तसं लघवीवाटे बाहेर पडतं. त्यामुळे मधुमेह्यांना ते वरदान वाटलं आणि साखर कारखानदारांना धोका. बीटपासून साखर करणाऱ्या जर्मनीनं १९०२ साली सॅकरीन औषधांच्या दुकानापुरतं बंदिस्त केलं, तेव्हा स्वित्झर्लंडमधून त्याची चोरटी आयात सुरू झाली. सहकारी साखर कारखान्यांच्या आपल्या राज्यातल्या वाचकाला ही ओढाताण समजावून सांगायची गरज नाही. दोन्ही महायुद्धांत साखर दुर्मिळ झाली आणि युरोपातल्या घराघरांत सॅकरीन पोचलं.

आमच्याकडे ते वेगळ्या वाटेनं आलं. पानठेल्यावर बिनसाखरेची बाटली दिसायच्या कितीतरी आधी ही गोडी मंगरूळच्या पोरांच्या जिभेवर बसली होती. गोलेवाला उलट्या रंध्यावर बर्फाची लादी घासायचा, भुसभुशीत बर्फ मुठीत दाबून काडीवर बसवायचा आणि लाल-हिरवं सरबत ओतायचा. पहिले दोन चोखे झक्क गोड. मग रंग उतरून नुसता बर्फ उरायचा, पण गोडी जिभेच्या मागच्या बाजूला चिकटून राहायची. घरी येऊन माठातलं पाणी प्यालं तर तेही आधी गोडसर आणि मग कडवट लागायचं. आजी लगेच ओळखायची, "सॅकरीन घातलं दिसते मेल्यानं." प्लास्टिकच्या नळीतला रंगीत बर्फ, ज्याला पोरं 'पेप्सी' म्हणतात, त्याचीही गोष्ट पुष्कळदा तीच. गोड सुपारी आणि पानमसाल्यात तर सॅकरीनला कायद्यानंच परवानगी आहे. इथे वजनाचा विचार कुणाच्या मनातही नव्हता. साखर महाग आणि सॅकरीन स्वस्त, एवढंच कारण.

तो मागे राहणारा कडवटपणाच या कुळाच्या पुढच्या पिढीला कारण झाला. १९३७ साली इलिनॉय विद्यापीठात मायकेल स्वेडा तापावरच्या औषधावर काम करत होते. टेबलाच्या कडेला ठेवलेली सिगारेट त्यांनी ओठांना लावली आणि ती गोड लागली. ते सायक्लामेट. सॅकरीनइतकं गोड नाही, पण चवीला साफ. १९६५ साली जेम्स श्लॅटर पोटातल्या अल्सरवरचं औषध शोधत होते. कागद उचलण्यासाठी त्यांनी बोट जिभेला लावलं आणि अ‍ॅस्पार्टेम सापडलं, साखरेच्या सुमारे दोनशे पट गोड.

या साखळीतला चौथा माणूस आपल्या फार जवळचा आहे. शशिकांत फडणीस. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात ते लेस्ली हफ यांच्या हाताखाली संशोधन करत होते. 'टेट अँड लाइल' या साखर कंपनीच्या सहकार्यानं साखरेच्या रेणूला क्लोरिन जोडून नवी द्रव्यं बनवण्याचं ते काम होतं. त्यांना सांगितलं होतं 'टेस्ट' कर, म्हणजे तपासून पाहा. त्यांनी ऐकलं 'टेस्ट' म्हणजे चव घे, आणि चमच्याच्या टोकानं भुकटी जिभेवर ठेवली. मराठी लिपीत हे दोन्ही इंग्रजी शब्द सारखेच लिहिले जातात, त्यामुळे आपल्याला तो गोंधळ चटकन पटतो. भुकटी कमालीची गोड होती, साखरेच्या सुमारे सहाशे पट. तेच सुक्रालोज. आज बिनसाखरेच्या गोळ्यांपासून प्रोटीनच्या डब्यांपर्यंत ते सगळीकडे आहे. त्याच्या जन्मकथेत फडणीस हे आडनाव आहे, हे आपल्या शाळांमधून सांगितलं जायला हवं, आणि सोबत हेही की अनोळखी द्रव्य जिभेवर ठेवणं जिवावर बेतू शकतं.

आता मावशींचं उत्तर देता येतं. जिभेवर गोडी ओळखणाऱ्या पेशींची कुलपं असतात. साखरेची किल्ली त्यांना लागते तशी या द्रव्यांचीही लागते, आणि जास्त घट्ट लागते. म्हणून चिमूटभर द्रव्यात बाटलीभर पाणी गोड होतं. कुलूप उघडलं की मेंदूला 'गोड आलं' असा निरोप जातो, पण मागून साखर येत नाही. साध्या कोलाच्या ३०० मिलिलिटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे आणि १२० कॅलरींच्या आसपास. बिनसाखरेच्या बाटलीत जवळजवळ शून्य. पोराचं एवढं म्हणणं बरोबर होतं.

पण हे पेय वजनासाठी जन्मलेलं नाही. १९५२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये हायमन कर्श नावाचे सोडा कारखानदार एका रुग्णालयाच्या कारभारात होते. जुनाट आजारांच्या त्या रुग्णालयातल्या मधुमेही आणि हृदयरोग्यांनाही कधीतरी जिंजर एल प्यायला मिळावं, म्हणून त्यांनी सायक्लामेट घालून 'नो-कॅल' बनवलं. डाएट सोड्याचा हा पहिला बाजारी अवतार. मागणी आली तेव्हा लक्षात आलं की घेणारे सगळे काही मधुमेही नाहीत. बारीक व्हायला निघालेली माणसं, त्यातही बायका, ते घेत होत्या. जाहिराती त्यांच्याकडे वळल्या. १९५८ साली 'डाएट राइट' आलं, १९६३ साली कोका-कोलानं 'टॅब' काढलं, म्हणजे वजनावर लक्ष ठेवणाऱ्यांचं पेय. पुढच्याच वर्षी 'डाएट पेप्सी' हे नाव बाजारात दिसलं. रुग्णाच्या पेल्यातली वस्तू दहा-बारा वर्षांत कंबरेच्या मापाची वस्तू झाली. 'डाएट' या शब्दाचंही तसंच झालं. मूळ ग्रीक 'दिआइता' म्हणजे जगण्याची रीत. त्याचा अर्थ आक्रसत आक्रसत बाटलीवरच्या चिठ्ठीएवढा उरला.

मधल्या काळात भीतीच्या लाटाही आल्या. १९६९ साली अमेरिकेनं सायक्लामेटवर बंदी घातली. १९७७ साली उंदरांच्या मूत्राशयातल्या गाठींवरून सॅकरीनवर गंडांतर आलं आणि पाकिटांवर इशारा छापला जाऊ लागला. उंदरांत जे घडतं ते माणसांत त्या रीतीनं घडत नाही हे पुढे स्पष्ट झालं आणि २००० साली तो इशारा निघाला. २०२३ च्या जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं अ‍ॅस्पार्टेमला 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' या गटात टाकलं. त्याच दिवशी अन्नसुरक्षेच्या समितीनं मात्र वजनाच्या दर किलोमागे रोज ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली. साठ किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाकाठी कित्येक बाटल्या रिचवाव्या लागतील. फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्यांनी मात्र अ‍ॅस्पार्टेम पूर्ण टाळायलाच हवं.

राहिला वजनाचा प्रश्न. दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी प्रयोगात वजन उतरवण्याच्या कार्यक्रमातल्या ३०३ जणांपैकी निम्म्यांना बिनसाखरेची पेयं आणि निम्म्यांना पाणी दिलं. वर्षानंतर पेयवाल्यांचं वजन सरासरी ६.२ किलोनं उतरलं, पाणीवाल्यांचं २.५ किलोनं. पैसा शीतपेय उत्पादकांच्या संघटनेचा होता. त्याच्या आदल्या वर्षी इराणातल्या स्त्रियांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. तिथे जेवणानंतरच्या डाएट पेयाऐवजी पाणी पिणाऱ्यांचं वजन २४ आठवड्यांत ८.८ किलोनं उतरलं, पेय चालू ठेवणाऱ्यांचं ७.६ किलोनं. दोन्हीकडे सगळे जण जेवणावरही लक्ष ठेवून होते, म्हणून दोन्हीकडे दोन्ही गटांचं वजन उतरलं. २०२३ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं सगळा पुरावा चाळून सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी या गोड द्रव्यांवर विसंबू नका. थोड्या दिवसांपुरता थोडा फायदा दिसतो, लांब पल्ल्यात तो टिकलेला दिसत नाही. ही शिफारस सशर्त आहे, आणि आधीच मधुमेह असलेल्यांना ती लागू नाही.

माझं मत असं. जो रोज साखरेच्या कोलाच्या दोन बाटल्या पितो, त्यानं बिनसाखरेची बाटली धरली तर त्याचा फायदाच आहे. त्याच्या पोटातली रोजची बारा-चौदा चमचे साखर गेली. ती पायरी म्हणून चांगली, पण तिथेच मुक्काम करू नये. गोडीची ओढ तशीच राहते, आणि 'याच्यात काही नाही' म्हणत सोबत आलेला समोसा वाचवलेल्या कॅलरी परत आणतो. लहान मुलांच्या हातात तर ती बाटली देऊच नये.

पण मंगरूळपीरच्या मावशींची साखर मुळात बाटलीतून येतच नाही. 'थंडा' पाहुणा आला तर, लग्नात, नाहीतर प्रवासात. त्यांची साखर येते चहातून. सकाळी उठल्यावर एक, शेजारीण आली की एक, शेतातून परतल्यावर एक, पाहुण्यासोबत एक, संध्याकाळी एक. कपात दोन चमचे धरले तरी दिवसाला दहा चमचे, म्हणजे ४० ग्रॅमच्या वर साखर आणि वर्षाचे ३६५ दिवस. बाटली बदलून यातला एक दाणाही कमी होत नाही. आणि उन्हातून आलेल्या माणसासाठी बिनसाखरेची पेयं वऱ्हाडात कधीपासून आहेत. माठाचं पाणी, मीठ-जिऱ्याचं ताक, लिंबू पिळून चिमूटभर मीठ घातलेलं पाणी. यांत गोडीचा आभासही नाही, म्हणून जिभेला गोडाची सवय सुटायला वाव मिळतो.

मावशी, तुम्ही भेटलात तर एवढंच सांगीन. ती बाटली विषारी नाही, पण तुमचं वजन ती उतरवणार नाही. उद्याच्या चहात दोनाऐवजी दीड चमचा साखर घाला, पंधरा दिवसांनी एक करा. पहिले काही दिवस चहा बेचव लागेल. मग तोच चहा गोड लागायला लागेल.