लॅपटॉपचा प्रारंभध्वनी व तो बंद करणे

लॅपटॉपचे बटण दाबल्यावर तो वापरायला तयार होईपर्यंतच्या काही क्षणांत आपोआप वाजणारी सुरावट किंवा साधी ‘बीप’ म्हणजे प्रारंभध्वनी. तो बंद करणे वरवर पाहता एका क्लिकचे काम आहे. प्रत्यक्षात हा आवाज कोण काढते, यावर सगळे अवलंबून असते. मदरबोर्डवरील चिपमध्ये कायम वस्तीला असलेली प्रणाली (पूर्वीची बायॉस, आताची यूईएफआय) जो आवाज काढते, तो विंडोजच्या सेटिंग्जमध्ये कितीही शोधला तरी बंद होत नाही. आणि विंडोज वाजवते ती धून बायॉसमध्ये सापडत नाही. पुष्कळांचा वेळ चुकीच्या खोलीत शोधण्यात जातो तो यामुळे.

या ध्वनीचा उगम सौंदर्यात नसून तपासणीत आहे. 1981 च्या आयबीएम पीसीमध्ये चालू होताना यंत्र स्वतःची मेमरी आणि इतर भाग तपासून पाही. सारे ठीक असेल तर एक छोटी बीप ऐकू येई. एक लांब आणि दोन छोट्या आल्या तर पडद्याच्या जोडणीत बिघाड आहे असे दुरुस्ती करणारा समजून घेई. पडदाच चालत नसेल तर संदेश दाखवायचा कुठे, या अडचणीवरचे हे उत्तर होते. आजच्या अनेक लॅपटॉपांत हेच काम दिव्याच्या उघडझापीवर सोपवलेले असते. थिंकपॅडसारख्या यंत्रांच्या सेटअपमध्ये मात्र बीपसाठी वेगळा विभाग अजूनही आढळतो, आणि लिनक्स वापरणारे बीपचा कंटाळा आला की ‘पीसीएसपीकेआर’ हा कर्नलचा भाग ब्लॅकलिस्ट करून टाकतात.

सुरेल प्रारंभध्वनीची परंपरा प्रामुख्याने ॲपलची. मॅकिन्टॉशच्या सुरुवातीच्या संगणकांवर बीप होती, पुढे सुरांचा मेळ आला. तो तिथले ध्वनिअभियंते जिम रीक्स यांना कर्कश वाटे. त्या काळी मॅक वारंवार बंद पडत, आणि पुन्हा सुरू करताना पहिल्यांदा कानावर पडे तो हाच आवाज. आधीच वैतागलेल्या माणसाला निदान शांत वाटावे म्हणून रीक्स यांनी ‘कोर्ग वेव्हस्टेशन’ या सिंथेसायझरवर सी मेजरचा भरदार स्वरमेळ घडवला आणि वरिष्ठांची रीतसर परवानगी न घेता तो यंत्राच्या रॉममध्ये घुसवला. 1991 च्या ‘क्वाड्रा 700’ मध्ये तो प्रथम वाजला. 1998 च्या आयमॅकपासून सर्व मॅकना मिळून एकच ध्वनी ठरला. 2008 च्या ‘वॉल-ई’ या चित्रपटातला यंत्रमानव पूर्ण चार्ज झाल्यावर हाच ध्वनी काढतो. 2012 मध्ये अमेरिकेत त्याची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी झाली. अभियंत्याने गुपचूप घातलेला आवाज कंपनीची कायदेशीर मालमत्ता व्हावा, हा उद्योगजगतातला मासलेवाईक प्रकार म्हटला पाहिजे.

मॅकचा हा ध्वनी मॅकओएस जागे होण्यापूर्वी वाजतो. त्यामुळे त्याची पातळी एनव्हीरॅम या छोट्या, वीज गेली तरी लक्षात ठेवणाऱ्या मेमरीत नोंदलेली असते. जुन्या मॅकबुकवर साधे उपाय दोन होते : बंद करण्याआधी आवाज शून्यावर आणणे, नाहीतर चालू करताना म्यूटची कळ दाबून धरणे. ब्लूटूथ हेडफोनचा काही उपयोग नसे, कारण त्या क्षणी ब्लूटूथची जोडणीच झालेली नसते. आवाज स्पीकरमधूनच येई. एनव्हीरॅम पुसण्यासाठी ऑप्शन, कमांड, पी आणि आर या चार कळा एकदम दाबून धरायच्या आणि दुसऱ्यांदा ध्वनी ऐकू आला की सोडायच्या, अशी रीत होती. म्हणजे ज्या ध्वनीला लोक कंटाळत, तोच दुरुस्तीच्या वेळी खूण म्हणून कामी येई.

2016 च्या मॅकबुक प्रोमध्ये झाकण उघडताच लॅपटॉप सुरू होण्याची सोय आली आणि प्रारंभध्वनी गेला. तो 2020 च्या ‘बिग सर’ या मॅकओएसच्या आवृत्तीबरोबर परतला. या वेळी सोबत साउंडच्या सेटिंगमध्ये तो लावण्या-काढण्याची चौकटही आली. तिच्यातली टिचकी काढली की काम झाले. ही चौकट यायला इतकी वर्षे लागावीत याचे मात्र नवल वाटते.

विंडोजचा प्रारंभध्वनी यंत्र नव्हे, तर विंडोजच वाजवते. ‘विंडोज 95’ ची धून ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांची. सव्वातीन सेकंदांच्या तुकड्यासाठी आपण 84 रचना केल्या, असे त्यांनी मुलाखतीत सांगितले होते. ती धून मॅकवर तयार केली हेही त्यांनीच नंतर उघड केले. 2025 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतनयोग्य ध्वनिमुद्रणांच्या यादीत तिचा समावेश केला. महाराष्ट्रात एमएस-सीआयटीच्या वर्गांतून संगणक शिकलेल्या अनेकांच्या कानात बसली आहे ती मात्र 2001 च्या ‘विंडोज एक्सपी’ची धून.

ध्वनी बंद करण्याचा हक्क वादाचा विषय झाला तो ‘विंडोज विस्टा’ या आवृत्तीच्या वेळी. 2006 मध्ये तिचा प्रारंभध्वनी वापरणाऱ्याला बंद करता येणार नाही, असा मायक्रोसॉफ्टचा बेत असल्याचे बाहेर आले. बैठकीत, वर्गात किंवा झोपलेल्या बाळाजवळ लॅपटॉप उघडणाऱ्यांनी आरडाओरडा केला आणि कंपनीने माघार घेतली. 2012 च्या ‘विंडोज 8’ मध्ये ध्वनी मुळातच बंद ठेवला गेला, ‘विंडोज 10’ मध्येही तसाच राहिला. 2021 च्या ‘विंडोज 11’ ने तो पुन्हा चालू केला. बंद करण्यासाठी सेटिंग्जमधील पर्सनलायझेशन, तिथून थीम्स आणि मग साउंड्स असे जावे. उघडलेल्या छोट्या खिडकीच्या तळाशी ‘प्ले विंडोज स्टार्टअप साउंड’ असे लिहिलेले असते, त्यापुढची टिचकी काढून ‘ॲप्लाय’ दाबावे. कार्यालयाने दिलेल्या लॅपटॉपवर ही टिचकी बदलता येत नसेल, तर ती कार्यालयाने लावलेल्या ग्रुप पॉलिसीने (सामाईक नियमांनी) बांधलेली असण्याची शक्यता असते. मग आयटी विभागाला सांगण्यावाचून गत्यंतर नाही.

गेमिंग लॅपटॉपांची गोष्ट निराळी. असूसच्या ‘आरओजी’ मालिकेतील काही यंत्रे चालू होताना खास ध्वनी काढतात. तो विंडोजचा नसल्याने वरची टिचकी काढूनही वाजतच राहतो. अशा वेळी यंत्राचा बायॉस सेटअप किंवा उत्पादकाने दिलेले ॲप तपासावे.

यांतला कोणताही ध्वनी लॅपटॉप झोपेतून जागा होताना वाजत नाही, फक्त बंद यंत्र सुरू होताना वाजतो. अभ्यासिकेत किंवा न्यायालयात जायचे असेल आणि सेटिंग शोधायला वेळ नसेल, तर लॅपटॉप घरीच सुरू करून झाकण मिटून न्यावा.