हार्ड डिस्कची क्षमता अपुरी दिसणे

संगणकाला जोडलेल्या हार्ड डिस्कवर छापलेल्या क्षमतेपेक्षा कमी जागा दिसणे. डिस्क बहुधा धडधाकट असते; तिच्यातल्या शेवटच्या सेक्टरचा पत्ता लिहायला जुन्या व्यवस्थेकडे आकडे पुरत नाहीत. त्यामुळे स्क्रूड्रायव्हर हातात घेण्यापूर्वी पडद्यावरचा आकडा नीट वाचावा. निदान बहुतेकदा त्यातच असते.

१ टीबीच्या डिस्कवर ९३१ जीबी दिसत असतील तर काहीच हरवलेले नाही. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४च्या. शब्द मात्र दोघेही ‘जीबी’ हाच वापरतात.

खऱ्या मर्यादा जुन्या आहेत. १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर या गणितामुळे बायॉस ५२८ एमबीवर अडत असे. पुढे काही बायॉस सुमारे ३३.८ जीबीपेक्षा मोठी डिस्क दिसताच गोठत. त्यांच्यासाठी डिस्कची क्षमता ३२ जीबीवर कापणारा जंपर असे. तो काढायचा राहिला तर नव्या संगणकावरही ३२ जीबीच दिसतात, आणि दोष भलत्याच भागावर जातो. सेक्टरचा पत्ता २८ बिटांचा असेपर्यंत १३७ जीबी (विंडोजच्या मोजणीत १२८) ही सीमा होती. एटीए-६ मानकाने पत्ता ४८ बिटांचा केला; विंडोज एक्सपीला तो सर्व्हिस पॅक १ पासून समजला. त्याआधीच्या एक्सपीला सीमेपलीकडचे पार्टिशन असलेली डिस्क जोडल्यास माहिती बिघडू शकते, म्हणून हा प्रकार नुसत्या गैरसोयीचा नाही.

आज भेटते ती २.२ टीबीची सीमा. एमबीआर या पार्टिशन-तक्त्यात सेक्टर-क्रमांकासाठी ३२ बिट असतात आणि सेक्टर ५१२ बाइटचा. ३ टीबीची डिस्क घातल्यावर २०४८ जीबी वापरता येतात, उरलेले ७४६ ‘अनअलोकेटेड’ म्हणून पडून राहतात. उपाय जीपीटी तक्ता. डिस्क मॅनेजमेंटमधून बदलायचा तर डिस्क रिकामी लागते, म्हणजे आधी बॅकअप. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून आलेले एमबीआर२जीपीटी सिस्टिम डिस्कवरची माहिती राखून हे काम करते. मात्र त्यानंतर विंडोज सुरू व्हायला यूईएफआय हवे. ३२ बिटांच्या एक्सपीला जीपीटी वाचताच येत नाही.

याउलट, डिस्क एकूणच ७४६ जीबीची दिसत असेल तर तक्ता बदलून उपयोग नाही. तिथे स्टोरेज ड्रायव्हर जुना असतो: २.२ टीबीला त्याची मोजणी गाडीच्या मीटरसारखी शून्यावर येते आणि पुढचे तेवढेच तो सांगतो. ड्रायव्हर अद्ययावत करावा.

यूएसबी पेटीतून काढलेली डिस्क हे वेगळेच प्रकरण. काही पेट्या संगणकाला ४०९६ बाइटचे सेक्टर असल्याचे सांगतात, त्यामुळे एमबीआरवरही १६ टीबीपर्यंत मजल जाते. तीच डिस्क थेट मदरबोर्डला जोडली की पार्टिशन चुकीचे किंवा गायब दिसते आणि विंडोज फॉरमॅट करू का म्हणून विचारते. नकार द्यावा, डिस्क पुन्हा त्याच पेटीत घालावी आणि आधी माहिती उतरवून घ्यावी.