जीपचे उंच नाक आणि बदललेले काळीज : सातारा-सांगलीच्या मातीतील इंजिनबदलाचा इतिहास

दुसऱ्या महायुद्धावरील चित्रपटांतली जीप आणि आपल्याकडील जुन्या सरकारी कचेऱ्यांच्या आवारात उभी असलेली जीप शेजारी शेजारी ठेवून पाहा. पहिलीचे बॉनेट बसके, दुसरीचे नाक उंचावलेले. हा फरक एखाद्या चित्रकाराच्या लहरीतून आलेला नाही. जुन्या चौकटीत नवे इंजिन बसवताना जी अडचण येते, तिचे ते पत्र्यावर उमटलेले चिन्ह आहे. आजचा धागा या अडचणीविषयी, ती सोडवणाऱ्या हातांविषयी आणि आज या गाड्यांना कायद्याने घातलेल्या पेचाविषयी आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

युद्धकाळातील विलिस जीपचे इंजिन 134 घनइंचांचे, म्हणजे सुमारे 2.2 लिटरचे आणि 60 अश्वशक्तीचे होते. त्याच्या दोन्ही प्रकारच्या झडपा सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्येच असत. त्यामुळे इंजिन बुटके राहिले आणि बॉनेटही. पुढे त्याच आकारमानातून अधिक शक्ती काढण्यासाठी कंपनीने आत घेणारी झडप वर हेडमध्ये नेली. हेच ‘हरिकेन’ इंजिन. शक्ती वाढली, पण उंचीही काही इंचांनी वाढली आणि जुन्या बॉनेटखाली ते मावेना. मग 1953च्या सीजे-3बी जीपमध्ये इंजिन खाली घेण्याऐवजी बॉनेटच वर उचलले गेले. अमेरिकेत हे रूप 1968 साली संपले; भारतात मात्र ते त्यानंतरही दीर्घकाळ तयार होत राहिले. आपल्या पिढीच्या मनातला ‘जीप’ म्हणजे हा उंच नाकाचाच चेहरा.

भारतात तो आणणारी कंपनी 1945 साली ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने स्थापन झाली. भागीदारांपैकी गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 साली कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. एका मोटार कंपनीच्या पाटीवर फाळणीची रेघ उमटल्याचे हे उदाहरण सहसा कोणी सांगत नाही. सुरुवातीला सुटे भाग आणून मुंबईत माझगावला जुळणी होई, नंतर कांदिवलीला कारखाना उभा राहिला.

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांना अशा गाडीची गरज होती. सह्याद्रीचे घाट, कोयनेच्या धरणाचे काम, सहकारी साखर कारखान्यांच्या ऊसक्षेत्रातील कच्चे रस्ते, विकास गटांच्या कचेऱ्या अशा सर्व ठिकाणी चारही चाकांनी ओढणारी गाडी लागे. परदेशातील शौकीन ज्याला कन्व्हर्टिबल म्हणतात, ते छत उघडणाऱ्या मोटारीचे सुख आपल्या ग्रामीण भागाला प्रथम भेटले ते ताडपत्रीचे हूड आणि पुढे पाडता येणारी काच या रूपात. शोभेपेक्षा धूळ अधिक, हे मान्य. तरीही मिरवणुकीत उभे राहायला आणि शिवारात उतरायला याहून सोयीची गाडी नव्हती.

तिचे एकच दुखणे होते : पेट्रोल.

1973च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि तेल उत्पादक देशांनी पुरवठा आवळला. बॅरलला सुमारे 3 डॉलरला मिळणारे कच्चे तेल 1974च्या जानेवारीपर्यंत 11 डॉलरच्या वर गेले. भारतात इंधनाच्या किमती सरकार ठरवीत असे. शेती आणि मालवाहतुकीसाठी डिझेल स्वस्त ठेवायचे आणि भार पेट्रोलवर टाकायचा, हे धोरण पुढे कित्येक दशके टिकले. पेट्रोल 2010 साली आणि डिझेल 2014 साली नियंत्रणमुक्त झाले, म्हणजे चाळीसएक वर्षे ही दरी कमीअधिक प्रमाणात राहिली. धडधाकट चेसिस, मजबूत पाटे, चालू गिअरबॉक्स आणि परवडेनासे झालेले इंजिन अशी स्थिती असलेल्या मालकाला जो विचार सुचावा, तोच सुचला. गाडी ठेवायची, काळीज बदलायचे.

आता मुद्दा असा की विचार सुचला तरी तो करून दाखवणारा हात जवळ असावा लागतो. या दोन जिल्ह्यांत तो होता, आणि त्याचे कारण रस्त्यावर नसून विहिरीवर आहे. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी 1922 साली ओतशाळा आणि नांगरांचा कारखाना उभारला. 1930च्या दशकात तेथे डिझेल इंजिने बनू लागली आणि देशी बनावटीच्या अगदी आरंभीच्या डिझेल इंजिनांत त्यांची गणना होते. (हेच कूपर 1937 साली काही महिने मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान होते. तेव्हा प्रांतप्रमुखालाही पंतप्रधानच म्हणत.) पुढे हा कारखाना वालचंद समूहाकडे गेला. तिकडे कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या आश्रयाने 1910 साली किर्लोस्करवाडी वसवली होती. नांगर, चरक, पंप अशी तेथील मालाची मालिका. आणि 1946 साली किर्लोस्करांची स्वतंत्र ऑइल इंजिन कंपनी पुण्यात निघाली.

मोट गेली आणि विहिरीवर इंजिन आले, एवढे एक वाक्य पाठ्यपुस्तकात असते. त्याच्या पोटातली गोष्ट अशी की विहिरीवर इंजिन आले म्हणजे गावोगावी ते उघडणारा मिस्त्री आला. नोझल साफ करणे, पंपातील हवा काढणे, रिंगा बदलणे, बेअरिंगचे झिजलेले माप हाताने ओळखणे, ही विद्या खेड्यात शिरली. किर्लोस्करवाडीत किंवा कूपरमध्ये काम शिकलेला माणूस स्वतःचा लेथ टाकून बसला, तर त्याला जीपचे बॉनेट उघडायला भीती वाटण्याचे कारण नव्हते. पेट्रोलच्या गाडीत डिझेल इंजिन बसवण्याचे धाडस केवळ गरजेतून आले असे मी मानत नाही. गरज देशभर होती; डिझेलची ओळख मात्र येथे आधीपासून मुरलेली होती.

अशा बदलाचा बेत कसा आखला जाई, हे थोडे सविस्तर पाहू, कारण खरा इतिहास येथेच आहे.

पहिला प्रश्न इंजिन मावते का, हा नसतो. ते गिअरबॉक्सशी कसे जुळणार, हा असतो. जीपचा तीन गिअरांचा टी-90 गिअरबॉक्स विलिसच्या इंजिनाच्या बेल हाउसिंगसाठी घडवलेला. दुसऱ्या घराण्याच्या इंजिनाचे बोल्ट तेथे बसणार नाहीत. मध्ये जाड पोलादी प्लेट कातून बसवायची, आणि तीही अशी की क्रँकशाफ्ट आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत यावेत. येथे केसाएवढी चूकही महागात पडते. गाडी चालते, मालक पेढे वाटतो, आणि काही महिन्यांनी बेअरिंग ओरडू लागते किंवा क्लच प्लेट फाटते. चांगला आणि वाईट मिस्त्री यांतला फरक या एका प्लेटवर ओळखला जातो.

दुसरा प्रश्न वजनाचा आणि धक्क्यांचा. पेट्रोल इंजिनात मिश्रण साधारण 7 पट दाबले जाते; डिझेलमध्ये हवा 20 पटींच्या आसपास. एवढा दाब सोसायचा तर ब्लॉक जाड हवा, आणि जाड म्हणजे जड. पुढचे पाटे बसतात, म्हणून एखादे पान वाढवावे लागते. संथ फिरताना डिझेलचा थरकाप मोठा. इंजिनाचे पाय थेट चेसिसवर वेल्डिंगने डकवले तर कालांतराने तडा जातो. रबरी माउंटिंग नीट निवडणे हे दिसायला किरकोळ आणि परिणामाने मोठे काम होते.

तिसरा प्रश्न फेऱ्यांचा, आणि याच ठिकाणी बरेच बेत फसत. सीजे-3बीच्या आसाचे प्रमाण 5.38, म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिनाकडील शाफ्ट 5.38 वेळा फिरतो. मूळ इंजिन मिनिटाला 4000 फेऱ्यांपर्यंत जाई. 6.00-16च्या टायरचा परीघ सुमारे 2.3 मीटर धरून गणित केले, तर सरळ गिअरमध्ये 4000 फेऱ्यांना ताशी 100 किलोमीटरच्या आसपास वेग निघतो. त्याच गाडीत 2000 फेऱ्यांवर काम करणारे ट्रॅक्टरच्या घराण्याचे इंजिन टाकले, तर गाडी ताशी 50वर अडकते. ओढ भरपूर, घाट हसत चढेल. पण पुणे-सातारा सपाटीवर एसटी मागून भोंगे वाजवील. मग क्राउन-पिनियन बदलायचे की संथपणा स्वीकारायचा, हे आधीच ठरवलेले बरे. ऊस, दूध आणि माणसे वाहणाऱ्याला संथपणा चाले.

याखेरीज बारीक कामांची रांग लागे. जुन्या जीपमधील 6 व्होल्टची विद्युतव्यवस्था डिझेलचा सेल्फ फिरवू शकत नाही. 12 व्होल्ट आणि मोठी बॅटरी आली. कॉइल, डिस्ट्रिब्युटर आणि कार्ब्युरेटर निघाले. त्यांच्या जागी पंप, नोझल, थंडीत इंजिन तापवणारे हीटर आणि न वापरलेले डिझेल टाकीत परत नेणारी नळी आली. डिझेलला ठिणगी लागत नाही, त्यामुळे चावी काढली तरी इंजिन थांबत नाही. इंधन तोडणारी ‘स्टॉप’ची कांडी डॅशबोर्डावर आणावी लागे. काही जीपमधील वायपर पेट्रोल इंजिनाच्या शोषणावर चालत. डिझेलमध्ये तसे शोषण मिळत नाही, म्हणजे पहिल्या पावसात वायपर निपचित!

हा सारा उद्योग गल्लीतला जुगाड होता, असा समज असेल तर खुद्द कारखान्याकडे पाहा. महिंद्राचा इंटरनॅशनल हार्वेस्टरशी संबंध 1963पासून होता आणि त्यातून बी-275 ट्रॅक्टर येथे बनत होते. 1970च्या दशकात त्याच कुळातील सुमारे 2.3 लिटरचे डिझेल इंजिन कंपनीने स्वतः जीपमध्ये बसवले. पुढे 1979 साली फ्रान्सच्या प्यूजोशी करार झाला आणि एक्सडीपी 4.90 हे डिझेल इंजिन इगतपुरीला तयार होऊ लागले. नावातच त्याची कुंडली आहे : 4 सिलिंडर, 90 मिलिमीटर व्यास, आकारमान 2112 घनसेंटिमीटर. ते मुळात मोटारीच्या घराण्यातले, म्हणून फेऱ्यांना चपळ. ट्रॅक्टरी इंजिनाचा संथपणा त्यात नव्हता. साहजिकच जुन्या पेट्रोल जीपमध्ये बसवण्यासाठी मिस्त्रींनाही ते आवडले. आकुर्डीच्या मॅटाडोरची डिझेल इंजिनेही अशीच जुन्या गाड्यांत गेली.

आता पेच.

1939च्या मोटार वाहन कायद्यात अशा बदलाबाबत भर होता तो नोंदणी अधिकाऱ्याला मुदतीत कळवण्यावर. 1988च्या कायद्याचे कलम 52 अधिक कडक, आणि 2000 सालच्या दुरुस्तीनंतर उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही, अशी त्याची भाषा झाली. जानेवारी 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ उचलून धरला. सुरक्षितता आणि प्रदूषण यांचा विचार करता या कडकपणात गैर काही नाही.

परंतु 2021च्या जुलैमध्ये केंद्राने ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी नवे नियम आणले. 50 वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, 20,000 रुपये शुल्क, 10 वर्षांची नोंदणी, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. अट अशी की वाहन मूळ रूपात असावे. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे ज्या जीपला एखाद्या कुटुंबाने डिझेल इंजिन देऊन जगवले, ती या मानाच्या पंगतीत बसू शकत नाही. आणि जी पेट्रोल परवडत नाही म्हणून गोठ्यात झाकून ठेवली गेली, ती बसते. याचा परिणाम उघड आहे. आज उलटा बदल सुरू झाला आहे : डिझेल काढायचे, भंगारातून हरिकेन शोधायचे, आणि चाळीस वर्षे गाडी ओढणारे इंजिन किलोच्या भावाने द्यायचे.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी येथे थोडे थांबावे. अजिंक्यताऱ्यावर शिलाहार, बहामनी, आदिलशाही, मराठे अशा राजवटींचे हात लागले. नंतरची डागडुजी खरवडून शिलाहारांचा ‘मूळ’ किल्ला बाहेर काढा, असे कोणी म्हटले तर आपण त्याला वेड्यात काढू. मग जीपच्या बाबतीत ‘मूळ’ म्हणजे नेमके काय? बसक्या बॉनेटची? उंच नाकाची? कारखान्यानेच डिझेल घातलेली? लेथवर कातलेली ती जाड प्लेट हा 1970च्या दशकातील आर्थिक इतिहासाचा लोखंडी कागद आहे, असे माझे मत आहे. संग्रहालयातील निष्कलंक जीप अमेरिकन सैन्याची गोष्ट सांगेल. माणच्या दुष्काळाची आणि कृष्णाकाठच्या उसाची गोष्ट ती सांगू शकणार नाही.

म्हणून कोणाच्या घरी अशी गाडी असेल आणि मूळ इंजिन परत बसवण्याचा बेत चालला असेल, तर काढण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. चेसिस आणि दोन्ही इंजिनांचे क्रमांक उतरवून घ्यावेत, आरसी बुकातील जुन्या नोंदी स्कॅन कराव्यात, आणि बदल करणारा मिस्त्री हयात असेल तर त्याचे म्हणणे ध्वनिमुद्रित करावे. उतरवलेले इंजिन आणि विशेषतः ती प्लेट जपून ठेवावी. आरटीओची परवानगी मात्र काम सुरू करण्यापूर्वी.

जाता जाता सांगलीचीच एक अलीकडची घटना. 2021च्या डिसेंबरात कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे येथील एका लोहार कारागिराने भंगारातील भाग जोडून, सुमारे 60,000 रुपयांत, किक मारून सुरू होणारी छोटी उघडी जीप बनवल्याचे वृत्त देशभर गाजले. देवराष्ट्रे म्हणजे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. ही गाडी नियमांत बसत नसल्याने अधिकारी केव्हातरी ती रस्त्यावरून हटवतील, असे आनंद महिंद्रा यांनी लिहिले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी 2022मध्ये बोलेरो देवराष्ट्रेला आली आणि ती छोटी जीप कंपनीच्या संग्रहाकडे गेली.