सत्तर एमएम, उघड्या आभाळाखाली

‘सत्तर एमएम’ हा शब्द आमच्या पिढीला ‘शोले’ने शिकवला. तो चित्रित झाला ३५ एमएमवरच. मोठ्या प्रती नंतर लंडनमध्ये तयार झाल्या. पण या रुंद फिल्मची खरी गरज कुणाला होती, असं विचारलंत तर मी अमेरिकेतल्या ड्राइव्ह-इन थिएटरांकडे बोट दाखवीन.

मोटारीत बसून सिनेमा पाहण्याची ही सोय रिचर्ड हॉलिंगशेडने ६ जून १९३३ रोजी न्यू जर्सीत कॅमडेनजवळ केली. १९५०च्या दशकाअखेर अशी चार हजारांच्या आसपास थिएटरं झाली. शेकडो गाड्यांना दिसावा म्हणून पडदा अवाढव्य, आणि अडचण तिथेच. पडद्याची लांबी-रुंदी दुप्पट केली की तोच उजेड चौपट जागेवर पसरतो. चित्र फिकट पडतं. त्यात चांदणं, रस्त्यावरचे दिवे, धुकं. (झोतात नाचणारे पतंग वेगळेच; त्यांना तिकीट नसे.) दिवा प्रखर करावा, तर ३५ एमएमच्या इवल्या चौकटीवर उष्णता एकवटून फिल्म वाकते.

१९५५मध्ये ‘ओक्लाहोमा!’ या चित्रपटाबरोबर टॉड-एओ पद्धत आली. निगेटिव्ह ६५ एमएमची, प्रत ७०ची. वाढीव जागा ध्वनीसाठी. पडद्यावर पडणारी चौकट सुमारे ४८.५ बाय २२ मिलिमीटर, म्हणजे सिनेमास्कोपच्या अडीच पटींहून मोठी. खिडकी मोठी, तेवढा उजेड जास्त. आणि तो पसरून पडल्याने फिल्मला ताप कमी. फिलिप्सचं डीपी ७० यंत्र तर दोन्ही रुंदीच्या फिल्म चालवी. काही ड्राइव्ह-इनवाल्यांनी सत्तर एमएमची यंत्रं बसवलीही.

पण प्रती मिळायच्या कशा? त्या महाग. वितरक त्या आधी शहरातल्या शाही थिएटरांना देत. तिथे चढे दर, आगाऊ आरक्षण. पोराबाळांना मागच्या सीटवर कोंबून येणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला सिनेमा उशिरा येई, तोही बहुधा ३५ एमएमवर. मला हे आजही खटकतं.

आणि क्वचित सत्तर एमएम आलंच, तर त्याच्या सहा ध्वनिपट्ट्या गाडीच्या काचेला अडकवलेल्या एका लहानशा स्पीकरात कोंबल्या जात. पंगतीतलं सगळं ताट एकाच वाटीत कालवावं, तसं.

पुढे ड्राइव्ह-इनचा आवाज गाडीतल्या एफएम रेडिओवर येऊ लागला, तोही स्टिरिओ. रेडिओवर बोलतोय म्हणून हे मुद्दाम सांगतो. तोवर सत्तर एमएमच्या प्रती दुर्मीळ झाल्या होत्या, आणि २०१३च्या सुमारास डिजिटल यंत्रं आल्यावर बहुतेक ठिकाणांहून फिल्मच गेली. मुंबईत २०२१मध्ये मॉलच्या गच्चीवर जे ड्राइव्ह-इन सुरू झालं, तिथेही रीळ नाही.