हंपी : राजधानी पडली, पाट वाहता राहिला



ज्वारीची कोळपणी उरकली होती, उसाला तोड यायला अजून अवकाश होता. म्हणून आम्ही पाच जण गाडी करून दोन दिवस हंपीला जाऊन आलो. सोलापूर, विजापूर, हुनगुंद, कुष्टगी, होस्पेट असा सरळ रस्ता आहे. देवळांचे फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेले असतील, म्हणून आज ते टाकत नाही. आज पाण्याबद्दल लिहितोय.

आधी थोडक्यात इतिहास. हरिहर आणि बुक्क या भावांनी १३३६ च्या सुमारास विजयनगरचं राज्य उभं केलं. पुढं दोनशे वर्षांवर तुंगभद्रेच्या काठी ही राजधानी नांदली. कृष्णदेवरायाच्या काळात (१५०९ ते १५२९) ती ऐन भरात होती. २३ जानेवारी १५६५ ला विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा आणि बिदर या चार सुलतानांच्या फौजांनी रामरायाचा पराभव केला. त्या लढाईला आपण तालिकोटची किंवा राक्षसतागडीची लढाई म्हणतो. त्यानंतर शहर लुटलं गेलं, जाळलं गेलं. दोन वर्षांनी, १५६७ साली, सीझर फ्रेडरिक नावाचा इटालियन व्यापारी तिथं आला. त्यानं लिहून ठेवलंय की घरं उभी आहेत पण रिकामी आहेत, आणि आत जंगली जनावरं राहतायत.

विठ्ठल मंदिरात आपल्या माणसाचा पाय जास्त वेळ रेंगाळतो. पंढरीची मूर्ती कृष्णदेवरायानं इथं आणली आणि एकनाथ महाराजांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत नेली, ही कथा आपण कीर्तनात ऐकत आलोय. आज त्या गाभाऱ्यात मूर्ती नाही.

आता मुद्द्यावर येतो. कमलापूरहून हंपीकडं जाताना दोन्ही बाजूला केळी, भात, ऊस, नारळ. मध्येच पडके मंडप, आणि मंडपाच्या पायाला लागून भाताची खाचरं. सगळीकडं खडकाचे डोंगर आणि मधल्या खोऱ्यात हिरवंगार. हे पाणी कुठलं म्हणून विचारलं, तर समजलं की तुर्तू कालव्याचं. म्हणजे विजयनगरच्या राजांच्या काळातला पाट. पाटाच्या कडेला एक म्हातारे शेतकरी दारे धरत होते. मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये विचारलं, "अज्जा, पाणी किती दिवस असतं?" ते म्हणाले, दहा-अकरा महिने. थोडे दिवस बंद ठेवतात, तेव्हा साफसफाई होते. आपल्याकडं आवर्तनाची वाट बघून डोळे पांढरे होतात, त्यामुळं आम्ही पाचही जण गप्प झालो.

हे काम कसं केलंय ते बघण्यासारखं आहे. तुंगभद्रेच्या पात्रात जागोजागी मोठे खडक आहेत. जुन्या कारागिरांनी नदी आडवी सरळ रेषेत बांधली नाही. या खडकापासून त्या खडकापर्यंत, वाकडातिकडा बंधारा घातला. प्रचंड दगड एकमेकांत रचले, चुन्याचं काम नाही. पूर आला की पाणी वरून निघून जातं, आणि एरवी पातळी एवढी उचलते की पाटात पाणी वळतं. नदी अडवायची नाही, फक्त वळवायची. असे कितीतरी बंधारे आणि पाट नदीच्या दोन्ही काठांवर होते. त्यातले काही पुढं धरणाच्या जलाशयात गेले. राया आणि बसवण्णा हे जुने कालवे आता धरणातूनच पाणी घेतात, पण भिजवतात ती जमीन पिढ्यान् पिढ्या भिजणारीच आहे.

राजवाड्याच्या भागात दगडी खांबांवरून नेलेली दगडी पन्हळ आहे. तिच्यातून हौदांना पाणी जायचं. १९८० च्या दशकातल्या उत्खननात पायऱ्यांची एक सुंदर पुष्करणी सापडली. तिच्या दगडांवर कुठला दगड कुठल्या बाजूला बसवायचा याच्या खुणा कोरलेल्या आहेत. आज तिथं पर्यटक फोटो काढतात. आणि ज्या कमलापूर तलावातून राजवाड्याच्या भागाला पाणी जायचं, तो तलाव अजून भरतो, त्याच्या खाली अजून शेती होते. राजाचा हौद दाखवायला उरला, शेतकऱ्याचा तलाव कामाला उरला.

पण राजानं बांधलेलं सगळंच पाण्याचं काम टिकलं, असं मात्र नाही. डोमिंगो पाएस हा पोर्तुगीज प्रवासी १५२० च्या सुमारास इथं होता. कृष्णदेवराय दोन डोंगरांमध्ये एक मोठा तलाव बांधत होता, ते काम त्यानं डोळ्यांनी पाहिलं. पंधरा-वीस हजार माणसं कामावर असावीत, असा त्याचा अंदाज. तलावाची पाळ दोन-तीनदा फुटली, आणि मग राजानं ब्राह्मणांना विचारून माणसांचे, घोड्यांचे आणि रेड्यांचे बळी दिले, असंही त्यानं लिहिलंय. न्युनिझ हा दुसरा पोर्तुगीज पुढं १५३५ च्या सुमारास आला. तो लिहितो की या पाण्याखालची जमीन राजानं लोकांना नऊ वर्षं बिनसाऱ्यानं दिली. जमीन दुरुस्त करा, बांधबंदिस्ती करा, मग सारा द्या. पुढं त्या जमिनीचं उत्पन्न वीस हजार परदावांवर गेलं. परदाव म्हणजे त्या वेळचं सोन्याचं नाणं.

नऊ वर्षांची सूट! नवी जमीन पाण्याखाली आली की ती हाताशी यायला किती वर्षं लागतात, हे त्या राजाच्या कारभाऱ्यांना कळत होतं.

पण हाच न्युनिझ असंही लिहितो की कुळाला दहातले नऊ हिस्से धन्याला द्यावे लागत. आकडा फुगवलेला असेलही, पण राजधानीचा थाट कुणाच्या जिवावर होता, ते त्यातून दिसतंच.

आणि तो तलाव? रॉबर्ट सेवेल या इंग्रज अधिकाऱ्यानं १९०० साली विजयनगरवर पुस्तक लिहिलं. त्याच्या मते तो तलाव म्हणजे होस्पेटजवळ संडूरच्या डोंगरांच्या तोंडाशी असलेला मोठा कोरडा तलाव. त्याच्या वेळी त्या पाळेवरून हमरस्ता जात होता.

म्हणजे वीस हजार माणसांनी बांधलेली पाळ रस्ता झाली, आणि नदीतला दगडांचा बंधारा पाणी देत राहिला.

यातून काय घ्यायचं? मला वाटतं, दोन गोष्टी.

पहिली, पाण्याचा हिशोब. पोरुमामिल्ला हे आंध्रातल्या कडप्पा भागातलं गाव. तिथं बुक्करायाचा मुलगा भास्कर यानं तलाव बांधला आणि १३६९ चा शिलालेख मागं ठेवला. दोन वर्षं रोज एक हजार मजूर आणि शंभर गाड्या कामावर होत्या, असं त्यात आहे. चांगल्या तलावाची बारा अंगं दिलीत आणि सहा दोषही दिलेत. पाळेतून पाणी पाझरणं हा दोष. खारी जमीन हा दोष. दोन राज्यांच्या हद्दीवर तलाव असणं हाही दोष! आणि अजून एक : पाणी थोडं आणि भिजवायचं क्षेत्र फार. साडेसहाशे वर्षांपूर्वी दगडावर कोरून ठेवलंय, आणि आपण अजून टेलला पाणी का पोचत नाही म्हणून मोर्चे काढतोय.

दुसरी, देखभाल. विजयनगरच्या मुलखात तलाव बांधणाऱ्याला किंवा दुरुस्त करणाऱ्याला त्याच तलावाखालची जमीन किंवा उत्पन्नाचा हिस्सा देण्याची रीत होती. कन्नडमध्ये तिला कट्टु-कोडगे म्हणत, दशवंद असंही नाव सापडतं. गाळ काढायला गाड्या आणि जनावरं ठेवण्यासाठी दानं दिल्याचे लेखही आहेत. म्हणजे बांधकाम झालं, फीत कापली, संपलं, असं नव्हतं. दुरुस्तीचा खर्च कुठून यायचा ते आधीच ठरलेलं. आपल्याकडं पांझरा काठच्या फड पद्धतीतही पाटकरी होते, पाटाची साफसफाई सगळ्यांनी मिळून करायची शिस्त होती.

परतताना तुंगभद्रा धरण पाहिलं. १९५३ साली ते पूर्ण झालं. सुरुवातीला साधारण १३३ टीएमसी पाणी मावायचं, आता सुमारे १०५ टीएमसी. बाकीच्या जागेत गाळ बसलाय. १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री धरणाच्या ३३ दरवाजांपैकी १९ नंबरच्या दरवाजाची साखळी तुटली आणि दरवाजा वाहून गेला. भरलेलं धरण, आणि खरिपाचं पाणी डोळ्यांदेखत वाहून चाललेलं. पुढं चालत्या पाण्यात लोखंडी फळ्या टाकून ते तोंड बंद केलं. सत्तर वर्षांचं धरण आणि एक साखळी. खाली तीन राज्यांची शेती त्या साखळीवर अवलंबून होती.

हंपी लांब वाटत असेल, तर आपल्या मालवण तालुक्यातला धामापूरचा तलाव बघा. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० मध्ये गावकऱ्यांच्या साथीनं तो बांधल्याचं सांगतात. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन आणि निचरा आयोगानं धामापूर आणि पोरुमामिल्ला, दोन्ही तलाव जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत घेतले.

उन्हाळा लागला की गाळमुक्त धरण योजनेची कामं निघतात. आपल्या गावच्या तळ्याचा गाळ शेवटचा कधी काढला, सांडवा कुठं फुटलाय, पाटाची चारी कुणी बुजवलीय, हे या महिन्यातच फिरून बघा आणि ग्रामसभेत मांडा. गावात जुना बंधारा किंवा पाट अजून चालू असेल तर फोटोसकट इथं जरूर लिहा. त्याची देखभाल कोण करतं, तेही सांगा.