चिलीच्या कोरड्या मातीत

चिलीचा नकाशा पाहिला की शाळेतली फूटपट्टी आठवते. लांबी सुमारे ४,३०० किलोमीटर आणि सरासरी रुंदी जेमतेम १८०. एका अंगाला अँडीज पर्वत, दुसऱ्या अंगाला पॅसिफिक महासागर. वर वाळवंट, मध्ये द्राक्षांचे मळे, खाली जंगले, सरोवरे आणि पॅटागोनियाच्या हिमनद्या. बरेच प्रवासी हिमनद्यांकडे जातात. मी मात्र उत्तरेकडे अटाकामाच्या वाळवंटात गेलो, त्याला कारण पाब्लो नेरूदा. १९४५ साली हा कवी तारापाका आणि आंतोफागास्ता या वाळवंटी प्रांतांतून सिनेटवर निवडून आला होता. खाणकामगारांनी ज्या मुलखात कवीला मते दिली, तो मुलूख एकदा पाहावा असे कुठल्या कवीला वाटणार नाही?

ध्रुवप्रदेश सोडले तर अटाकामा हे जगातले सर्वांत कोरडे वाळवंट. बसच्या खिडकीतून तासन्‌तास गवताची काडी दिसत नाही. पाऊस नाही, म्हणूनच तिथल्या मातीत नायट्रेटचे साठे टिकले. खतासाठी आणि स्फोटकांसाठी साऱ्या जगाला ते हवे होते. त्यापायी १८७९ साली युद्ध पेटले. चिलीने पेरूचा तारापाका घेतला आणि बोलिव्हियाचा तर समुद्रकिनाराच गेला.

त्या संपत्तीतले कामगाराच्या हाती काय आले? इकिके बंदराजवळ हंबरस्टोन नावाचे नायट्रेटचे ओस गाव आहे. २००५ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. अशा गावांतून मजुरी पैशात नव्हे, कंपनीच्या बिल्ल्यांत मिळे आणि ते बिल्ले कंपनीच्याच दुकानात चालत. डिसेंबर १९०७ मध्ये हजारो कामगार बायकामुलांसह इकिकेला येऊन थडकले. त्यांच्या मागण्या ऐका. मजुरीचे मोल घसरू देऊ नका. दुकानाबाहेर वजन पडताळायला काटा ठेवा. आम्हाला रात्रीची शाळा चालवू द्या. सांता मारिया नावाच्या शाळेत त्यांचा मुक्काम होता. २१ डिसेंबरला सैन्याने तिथेच त्यांच्यावर मशीनगन चालवल्या. सरकारी आकडा दीडशेच्या आतला. इतर अंदाज हजारोंच्या घरात जातात. शाळा मागणारी माणसे शाळेच्या दारात मेली.

पुढे जर्मनीत हवेतल्या नायट्रोजनपासून खत बनवण्याची युक्ती निघाली आणि ही गावे एकामागून एक ओस पडली. त्यांतले एक चाकाबुको. सप्टेंबर १९७३ मध्ये जनरल पिनोशे यांनी सत्ता बळकावली आणि कामगारांच्या त्या रिकाम्या चाळींत राजकीय कैदी कोंडले. वेगळा तुरुंग बांधावा लागला नाही. पळून जायचे तर चारी बाजूंनी वाळवंट.

तिथून पुढे कालामा हे तांब्याच्या खाणीचे शहर लागते. १९ ऑक्टोबर १९७३ रोजी तिथल्या २६ जणांना सैनिकांनी वाळवंटात नेऊन ठार केले आणि पुरले. घरच्यांना जागा सांगितली नाही. त्यांच्या बायका, आया, बहिणी फावडी घेऊन वाळवंट धुंडाळत राहिल्या, वर्षानुवर्षे. १९९० मध्ये त्यांना जागा सापडली, पण तिथे होते फक्त हाडांचे तुकडे. प्रेते आधीच उकरून दुसरीकडे नेली होती.

याच वाळवंटाच्या किनाऱ्यावर चिंचोरो लोकांनी आपल्या मृतांच्या ममी केल्या. सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या त्या ममी आजही शाबूत आहेत. इतकी जपणारी ही माती. तिच्यातून माणसे नाहीशी करायची तर त्यासाठी माणूसच लागतो.

आम्ही शब-ए-बारातच्या रात्री कब्रस्तानात जातो, आई-वडिलांच्या कबरीपाशी उभे राहून फातेहा पढतो. तुमच्याकडे पितृपक्षात पान वाढतात. मेलेल्या माणसाला एक जागा असावी, एक दिवस असावा, एवढेच आपले मागणे असते. कालामाच्या बायकांचे मागणे याहून मोठे नव्हते.

हुकूमशाहीत बेपत्ता झालेल्या हजाराहून अधिक जणांचा पत्ता तोवर लागला नव्हता, तेव्हा २०२३ साली चिलीच्या सरकारने त्यांच्या शोधाची राष्ट्रीय योजना जाहीर केली. म्हणजे पन्नास वर्षांनी सरकारने फावडे हाती घेतले. बायकांनी ते कधी खाली ठेवलेच नव्हते. तुम्ही कधी त्या देशात गेलात तर हिमनद्या जरूर पाहा, पण दोन दिवस या कोरड्या मातीसाठी राखून ठेवा.