विमान सुरक्षेसाठी माहिती संकलन : चिखली–चाकण पट्टा

विमानतळ, विमान आणि हवाई माल यांना होणारा घातपात टाळण्यासाठी शासन माणसांची, मालाची व कंपन्यांची माहिती आगाऊ मागवते, पडताळते आणि साठवून ठेवते. त्या व्यवस्थेचा चिखली व चाकण औद्योगिक पट्ट्यापुरता आढावा येथे घेतला आहे. विमान सुरक्षा म्हटले की प्रवाशाची झडती आणि बॅगेचा एक्स-रे डोळ्यांसमोर येतो. या पट्ट्यात मात्र माहिती देण्याचा मोठा भार प्रवाशांवर पडत नाही. माल बांधणारे, चढवणारे, वाहून नेणारे आणि विमानतळावर पाळीने काम करणारे लोक तो उचलतात. या नोंदीत त्यांना अधिक जागा दिली आहे ती याच कारणाने.

स्थान. चिखली हे पुणे जिल्ह्यातील, इंद्रायणीकाठचे जुने गाव. वारकरी परंपरेत ते टाळगाव चिखली म्हणून ओळखले जाते. १९९७ साली ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. जाधववाडी, मोरेवस्ती, म्हेत्रेवस्ती या भागांत लघुउद्योग, गोदामे आणि कामगारांच्या भाड्याच्या खोल्या दाटीने आहेत. पलीकडे चाकणला व्होल्क्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, महिंद्रा, बजाज यांचे कारखाने व त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांची साखळी आहे. या भागाचा विमानतळ लोहगावचा. तो मुळात हवाई दलाचा तळ असून नागरी वाहतुकीचा विभाग भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. तळाच्या हद्दीत छायाचित्रणाला मनाई आहे. परदेशी जाणारा माल बहुधा रस्त्याने मुंबईला सहारच्या कार्गो टर्मिनलवर जातो.

पूर्वपीठिका. १० सप्टेंबर १९७६ रोजी इंडियन एअरलाइन्सचे विमान पळवून लाहोरला नेण्यात आले. त्यानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात सुरक्षेचा एक कक्ष सुरू झाला. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ अटलांटिकवर स्फोटात पडले आणि ३२९ जण मृत्युमुखी पडले. स्फोटक असलेली बॅग विमानात चढली होती, बॅगेचा मालक चढला नव्हता. या घटनेनंतर कक्षाचे रूपांतर स्वतंत्र विभागात झाले आणि १ एप्रिल १९८७ पासून नागरी विमान सुरक्षा ब्यूरो, म्हणजेच बीसीएएस, थेट मंत्रालयाच्या अखत्यारीत काम करू लागला.

माहिती संकलनाच्या दृष्टीने मुंबईहून निघालेल्या पॅन अॅमच्या ७३ क्रमांकाच्या उड्डाणाची घटना जास्त बोलकी आहे. सुरक्षेच्या इतिहासात तिला मिळायला हवे तेवढे महत्त्व मिळालेले नाही. ५ सप्टेंबर १९८६ रोजी कराचीत चार अपहरणकर्ते विमानतळ सुरक्षा कर्मचाऱ्यांच्या वेशात, तशाच दिसणाऱ्या गाडीतून थेट विमानाजवळ पोहोचले. गणवेश आणि गाडी एवढ्या ओळखीवर त्यांना आत जाता आले. पुढे त्यांनी अमेरिकन प्रवासी हुडकून काढण्यासाठी सर्वांचे पासपोर्ट गोळा करायला लावले. विमानातील कर्मचारी नीरजा भनोत आणि तिच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन पासपोर्ट लपवले. विमानाजवळ येणाऱ्या प्रत्येकाची खरी ओळख शासनाला ठाऊक असली पाहिजे, आणि ओळखीची कागदपत्रे भलत्याच हातांत पडली तर जीव जातात, असे दोन धडे या एका घटनेत आहेत. त्यांपैकी पहिला नियमांत उतरला. दुसऱ्याकडे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही.

डिसेंबर १९९९ मधील कंदाहार विमान अपहरणानंतर विमानतळांचा पहारा टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, सीआयएसएफकडे, सोपवण्यात आला.

कायदा. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीविषयीच्या १९४४ च्या शिकागो कराराचे सतरावे परिशिष्ट सुरक्षेविषयी असून ते १९७४ मध्ये स्वीकारले गेले. बीसीएएसला वैधानिक दर्जा विमान कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीने मिळाला. विमान सुरक्षा नियम २०११ चे होते, त्यांची जागा २०२३ च्या नियमांनी घेतली. १९३४ चा विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला.

प्रवेश परवाना आणि चारित्र्य पडताळणी. विमानतळाच्या प्रतिबंधित भागात काम करणाऱ्या प्रत्येकाला बीसीएएसचा प्रवेश परवाना लागतो. मग तो लोडर असो, सफाई कामगार, कार्गोचा कारकून, खानपान गाडीचा चालक की दुकानातला विक्रेता. कामगार त्याला नुसते ‘पास’ म्हणतात. आता तो बोटांच्या ठशांशी जोडलेला असतो. धारकाला ज्या विभागांत जायची मुभा आहे, त्यांची अक्षरे त्यावर छापलेली असतात. अर्ज मालक कंपनीमार्फत करावा लागतो. परवाना मिळण्याआधी सुरक्षा जागृतीचे प्रशिक्षण आणि पोलिसांकडून पूर्वचारित्र्याची पडताळणी, या दोन पायऱ्या ओलांडाव्या लागतात.

हा सारा व्यवहार चिखलीत उतरतो तो पोलीस ठाण्याच्या पातळीवर. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू झाले आणि चिखलीचे ठाणे त्याच्या अखत्यारीत आले. अर्ज ऑनलाइन भरता येतो, पण पडताळणी पत्त्यावर होते. सध्याचा पत्ता एका ठाण्याच्या हद्दीत आणि कायमचा पत्ता लातूर, बुलढाणा किंवा बिहारमधल्या एखाद्या जिल्ह्यात असेल, तर दोन्हीकडचा अहवाल यावा लागतो. गुन्ह्यांची नोंद सीसीटीएनएस या देशव्यापी जाळ्यात पाहता येते. माणूस त्या खोलीत खरोखर राहतो का, हे मात्र शेजारी, घरमालक आणि भाडेकरारावरूनच कळते.

अडचण नेमकी येथे आहे. मोरेवस्तीत एका खोलीत चौघे राहतात, भाडेकरार एकाच्या नावे असतो, उरलेल्या तिघांचे आधार कार्ड गावच्या पत्त्याचे. अकरा महिन्यांनी खोली बदलली की हद्द बदलते आणि चौकशी नव्याने सुरू होते. पोलीस हवालदार दुपारी चौकशीला येतो, कामगार तेव्हा पाळीवर असतो, आणि शेरा पडतो ‘पत्त्यावर आढळून आला नाही’. या शेऱ्यात त्या माणसाविरुद्ध काहीही नसते, तरी त्याचा पास अडतो आणि पाससोबत पगारही. स्थिर पत्ता हाच चांगल्या चारित्र्याचा पुरावा मानणारी पडताळणी सतत स्थलांतर करणाऱ्या कामगारांच्या वस्तीला बसत नाही, असे नोंदकाराचे मत आहे. पडताळणी सैल करावी असा याचा अर्थ नाही. पत्ता शोधण्याऐवजी माणूस शोधण्याची पद्धत हवी. कामाच्या ठिकाणी, मालकाच्या हजेरीपटावरून आणि ठरवून दिलेल्या वेळी चौकशी करता येण्यासारखी आहे.

हवाई मालाची माहिती. ऑक्टोबर २०१० मध्ये येमेनहून निघालेल्या दोन पार्सलांत, प्रिंटरच्या टोनर काडतुसात दडवलेली स्फोटके सापडली. एक पार्सल दुबईत मिळाले, दुसरे इंग्लंडमधील ईस्ट मिडलँड्स विमानतळावर. ईस्ट मिडलँड्सला पहिल्या तपासणीत काही आढळले नव्हते. शोध लागला तो आधी मिळालेल्या खबरीमुळे. यंत्राच्या नजरेइतकेच, माल कोणी, कोणाला आणि कशासाठी पाठवला हे विमान सुटण्यापूर्वी कळणे महत्त्वाचे आहे, हा विचार तेथून जगभर रुजला. अमेरिकेने त्याच वर्षी आगाऊ मालमाहितीचा प्रयोग सुरू केला आणि २०१८ मध्ये तो सक्तीचा केला. युरोपीय संघाने आयसीएस-२ ही प्रणाली टपाल व कुरिअरसाठी मार्च २०२१ पासून आणि सर्वसाधारण हवाई मालासाठी मार्च २०२३ पासून लागू केली.

चाकणच्या कारखान्यांतील डिस्पॅच विभागावर याचा थेट परिणाम झाला. एरवी सुटे भाग जहाजाने जातात. जर्मनीतील जुळणीची लाइन थांबण्याची वेळ आली की तोच माल रातोरात विमानाने पाठवतात, आणि अशा घाईच्या वेळी कागद अचूक लागतो. विमानात माल चढण्यापूर्वी पाठवणाऱ्याचे नाव व पत्ता, घेणाऱ्याचे नाव व पत्ता, मालाचे वर्णन, नगसंख्या आणि वजन, तसेच एअर वे-बिलचा क्रमांक युरोपच्या सीमाशुल्क यंत्रणेकडे पोहोचावा लागतो. तिकडून तीनपैकी एक शेरा येऊ शकतो : आणखी माहिती द्या, पुन्हा तपासा, किंवा चढवू नका. वर्षानुवर्षे बिलावर लिहिले जाणारे ‘ऑटो पार्ट्स’ हे मोघम वर्णन आता चालत नाही. ब्रेकचे भाग असतील तर तसे लिहून ८७०८.३० हा सहा अंकी वर्गीकरण क्रमांक द्यावा लागतो.

मालासोबत एक पानाचे सुरक्षा घोषणापत्र जाते. हे पान पट्ट्यातील प्रत्येक निर्यातदाराने एकदा नीट वाचायला हवे. त्यात माल कोणाकडून स्वीकारला याचा संकेत असतो : ‘केसी’ म्हणजे बीसीएएसने मान्य केलेला ज्ञात प्रेषक, ‘आरए’ म्हणजे मान्यताप्राप्त एजंट. तपासणी कशी झाली याचाही संकेत असतो : ‘एक्सआरवाय’ म्हणजे एक्स-रे, ‘ईटीडी’ म्हणजे स्फोटकांच्या सूक्ष्म अंशांची चाचणी. मालाचा दर्जा ‘एसपीएक्स’ असेल तर तो प्रवासी विमानातूनही नेता येतो, ‘एससीओ’ असेल तर फक्त मालवाहू विमानातून. शेवटी हा दर्जा कोणी, किती तारखेला व किती वाजता दिला याची नोंद असते. ज्ञात प्रेषक ठरण्यासाठी कारखान्याला माल ठेवण्याची जागा बंदिस्त ठेवावी लागते, आत-बाहेर जाणाऱ्यांची नोंद करावी लागते, पॅकिंगवरच्या माणसांची पडताळणी करावी लागते, आणि गाडी सील करून तिचा ताबा कोणाकडे होता हे टर्मिनलपर्यंत लिहीत जावे लागते. ज्याला ही मान्यता नाही त्याचा माल एजंटाकडे किंवा टर्मिनलवर तपासला जातो.

चिखलीतील छोटा पुरवठादार स्वतः निर्यात करत नाही, त्यामुळे त्याचे नाव बहुधा या कागदावर येत नाही. त्याच्या शेडमध्ये बांधलेला खोका मात्र दुसऱ्याच्या नावाने विमानात चढतो. माहितीची साखळी जेथून सुरू व्हायला हवी, तेथेच ती सर्वांत विरळ आहे.

प्रवासी. पुण्यात चेहरा ओळखून प्रवेश देणारी ‘डिजियात्रा’ २०२३ मध्ये आली. ती चालवणारी संस्था नफ्यासाठी नाही. तीत विमानतळ प्राधिकरणाचा वाटा २६ टक्के असून उरलेला विमानतळ कंपन्यांकडे आहे. योजना ऐच्छिक आहे आणि उड्डाणानंतर २४ तासांत विमानतळावरील माहिती पुसली जाते, असे अधिकृत धोरण सांगते. काही विमानतळांवर प्रवाशांना पुरेशी कल्पना न देता चेहरे टिपले जात असल्याच्या तक्रारी २०२४ च्या सुरुवातीस मंत्रालयापर्यंत गेल्या होत्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात तिकिटाची तपशीलवार नोंद विमान कंपनीने सीमाशुल्क खात्याला द्यावी, असा नियम ८ ऑगस्ट २०२२ रोजी निघाला. ती नोंद पाच वर्षे ठेवता येते. अमेरिकेला मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांचे पूर्ण नाव, जन्मतारीख व लिंग तेथील परिवहन सुरक्षा प्रशासनाच्या ‘सिक्युअर फ्लाइट’ कार्यक्रमात संशयितांच्या यादीशी ताडून पाहिले जाते.

उड्डाणबंदी यादी. २३ मार्च २०१७ रोजी पुणे–दिल्ली विमान उतरल्यावर उस्मानाबादचे तत्कालीन खासदार रवींद्र गायकवाड यांनी एअर इंडियाच्या कर्मचाऱ्याला मारहाण केली. कंपन्यांनी त्यांच्यावर घातलेली बंदी एप्रिलमध्ये उठली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय उड्डाणबंदी यादीचे नियम आले. गैरवर्तनाच्या तीव्रतेनुसार तीन महिन्यांपर्यंत, सहा महिन्यांपर्यंत, किंवा दोन वर्षे व त्याहून अधिक बंदी घालता येते. निर्णय निवृत्त जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समिती घेते आणि त्यावर ६० दिवसांत अपील करता येते. गृह मंत्रालयाने सुरक्षेच्या कारणावरून दिलेली नावे प्रसिद्ध होत नाहीत.

वैमानिक प्रशिक्षणार्थी. अमेरिकेत उड्डाण शिकायला जाणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याची तेथील सुरक्षा प्रशासन स्वतंत्र तपासणी करते.

गोपनीयता व वाद. बीसीएएसच्या परिपत्रकांपैकी बरीचशी मर्यादित वितरणाची असतात. सीआयएसएफ माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत असल्याने, भ्रष्टाचार व मानवी हक्कभंगाच्या तक्रारी वगळता, त्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. मुंबईसह अनेक विमानतळांवर काम करणाऱ्या तुर्की मालकीच्या सेलेबी कंपनीची सुरक्षा मंजुरी १५ मे २०२५ रोजी काढून घेण्यात आली. कारणे न्यायालयाला बंद लिफाफ्यात दिली गेली आणि ७ जुलै रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने कंपनीची याचिका फेटाळली. राष्ट्रीय सुरक्षेपुढे सुनावणीचा हक्क किती मागे सरू शकतो, यावर कायदेपंडितांत मतभेद आहेत.

अमेरिकेत शासनाला नवा अर्ज किंवा नवी माहिती लोकांकडून मागायची असेल, तर ती कशासाठी हवी आणि ती भरायला लोकांचे किती तास जातील, याचा अंदाज राजपत्रात छापून हरकती मागवाव्या लागतात. सुरक्षा प्रशासनही त्याला अपवाद नाही. आपल्याकडे अशी तरतूद नाही. पासचा अर्ज भरणाऱ्या कामगाराला त्याचे बोटांचे ठसे नोकरी सुटल्यावर किती काळ राहतील, हे अर्जावर छापून सांगण्यात काही धोका आहे असे वाटत नाही. वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्यातील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. राष्ट्रीय सुरक्षेसाठी अधिसूचित केलेल्या शासकीय यंत्रणांना या कायद्यातून सूट देता येते.

ड्रोन. ऑगस्ट २०२१ च्या नियमांनुसार ड्रोनची ऑनलाइन नोंद करून विशिष्ट क्रमांक घ्यावा लागतो.